घरातला हुशार मुलगा आलिम का होऊ नये?

गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात तासगावहून मामूंचा फोन आला. मामूंचा बेदाण्याचा व्यापार आहे. बोलणं नेहमी भावावर आणि पावसावर सुरू होतं, पण त्या दिवशी दोन्ही नाही. थेट म्हणाले, "तू इंजिनियर है, तेरी बात मानेगा वो. आके समझा उसकू."

'वो' म्हणजे माझा मामेभाऊ. सायन्सला ८४ टक्के, सीईटीचा स्कोअरही चांगला. सांगली-कराडकडच्या कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजात सहज प्रवेश मिळाला असता. आणि साहेब म्हणत होते, मला आलिम व्हायचंय, पुढे धर्मशास्त्रात एम.ए. करायचंय. मुमानी रडत होत्या. आजूबाजूचे नातेवाईक विचारत होते, "मुलाचं काही बिनसलंय का?"

हा प्रश्न मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटला, हे आज कबूल करतो. आपल्या घरांत एक न लिहिलेला नियम आहे. ज्याला गणित जमतं तो इंजिनीअर, ज्याला जीवशास्त्र जमतं तो डॉक्टर किंवा फार्मसी, आणि ज्याला काहीच जमत नाही, शाळेत बसत नाही, गल्लीत मारामाऱ्या करतो, त्याला मदरशात घाला. मग वीस वर्षांनी आपणच तक्रार करतो की मिंबरवरून बोलणाऱ्या माणसाला जगाची माहिती नाही.

मी शनिवारी पुण्याहून निघालो. समजवायला तीन मुद्दे तयार होते. एक, पोट कसं भरणार? दोन, त्या पदवीला सरकारदरबारी किंमत काय? तीन, कुरआन-हदीस सगळं मोबाइलवर आहे, त्यासाठी आयुष्याची सात-आठ वर्षं कशाला? पोराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "भाई, फुफाजी गेल्यावर घराची वाटणी झाली, तेव्हा तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

त्यावर मी गप्प झालो. का झालो ते सांगतो.

बत्तीस हिस्से

अब्बा एस.टी.त मेकॅनिक होते. ते गेले तेव्हा मागे अम्मी, मी आणि माझ्या दोन बहिणी. मिरजेत एक घर, थोडी शिल्लक. चाळिसावा झाला आणि घरातल्या एका बुजुर्गांनी विषय काढला. बहिणींची लग्नं झाली आहेत, त्यांना दिलं-घेतलं आहे, आता त्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या कराव्यात म्हणजे घर मुलाच्या नावावर होईल. आपल्या भागात हे नवं नाही. शेजारच्या हिंदू घरांत जे होतं तेच आपल्या घरांत होतं, आणि दोन्हीकडे त्याला 'रीत' म्हणतात. बहीण सही करत नसेल तर माहेर तुटतं, या भीतीने ती सही करते.

गल्लीतल्या एका मौलवीसाहेबांना विचारलं. त्यांनी आधी बुजुर्गांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग म्हणाले, बहिणींनी राजीखुशीने सोडलं तर हरकत नाही. राजीखुशी खरोखर आहे का, हे त्यांनी बहिणींना विचारलं नाही. मग मी माझ्या सवयीने इंटरनेटवर शोधलं. पाच ठिकाणी पाच उत्तरं. एका व्हिडिओत मुलीला निम्मा वाटा, एकात विवाहित मुलीला काही नाही, एकात बापाने तोंडी सांगितलं असेल तर तेच अंतिम. मी इंजिनीअर माणूस, दिवसभर लोकांच्या कोडमधल्या चुका शोधतो. पण इथे कोणतं उत्तर चूक आणि कोणतं बरोबर हे ओळखण्याचं साधनच माझ्याकडे नव्हतं.

शेवटी ओळखीतून एका वयस्कर मुफ्तींकडे गेलो. त्यांनी आधी प्रश्न विचारले. अब्बांचे आई-वडील हयात आहेत का? कर्ज किती? अम्मीचा मेहर दिला होता का? वसीयत होती का? मग एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर दहा मिनिटांत हिशोब मांडला. कफन-दफन, कर्ज, मेहर वजा झाल्यावर जे उरेल त्याचे ३२ हिस्से करा. अम्मीचा आठवा भाग, म्हणजे ४. उरलेले २८. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून माझे १४ आणि दोघी बहिणींचे ७-७. बेरीज ३२. कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ही भेट नाही, फर्ज आहे. सूरह निसामध्ये हिस्से ठरवून दिले आहेत. लग्नात जे दिलं ते यातून वजा होत नाही. आणि वाटा हातात देण्याआधी माफ करून घेणं ही माफी नसते."

मी विचारलं, मुलीला निम्माच का? त्यांनी टाळलं नाही. जुन्या फकीहांनी दिलेली कारणं सांगितली, आजच्या अभ्यासकांमध्ये काय चर्चा आहे तीही सांगितली. आणि वर एक गोष्ट सांगितली जी मला कोणत्याही व्हिडिओने सांगितली नव्हती. बापाने हयातीत काही बक्षीस द्यायचं ठरवलं, ज्याला हिबा म्हणतात, तर मुलांमध्ये न्याय ठेवावा अशी हदीस आहे, आणि अनेक विद्वानांनी त्याचा अर्थ मुलगा-मुलगी समान असा घेतला आहे. म्हणजे ज्या बापाला मुलींना बरोबरीने द्यायचं आहे त्याला वाट बंद नाही, फक्त ती जिवंतपणी चालायची असते.

त्या एका कागदामुळे माझ्या बहिणींची नावं सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर लागली. बुजुर्ग काही महिने बोलले नाहीत. आता बोलतात.

या शास्त्राला 'इल्मुल फराइज' म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी याने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या हिशोबांना दिलेला आहे. त्याच्याच नावावरून 'अल्गोरिदम' हा शब्द आला, ज्यावर माझा पगार चालतो. कॉलेजात अल्गोरिदमचा पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो. आपल्या घरातल्या बहिणींचा हिशोब मात्र मला येत नव्हता.

मामेभावाने त्या दिवशी एवढंच म्हटलं, "तसा हिशोब करणारा माणूस आपल्या तालुक्यात हवा. आणि त्याने तो बहिणींना मराठीत समजावून सांगायला हवा."

क्लिप आणि सनद

'सगळं मोबाइलवर आहे' हा माझा तिसरा मुद्दा होता. मी स्वतः या धंद्यात आहे म्हणून सांगतो. तुमच्या समोर कोणता व्हिडिओ येतो हे त्यातल्या मजकुराच्या खरेपणावर ठरत नाही. तुम्ही किती वेळ बघता, किती चिडता, किती जणांना पाठवता यावर ठरतं. 'या मसल्यात इमामांमध्ये मतभेद आहे, दोन्ही बाजूंना दलील आहे' असं सांगणारा आलिम त्या शर्यतीत मागे पडतो. 'फलाणे काम करणारा काफिर' असं ओरडणारा पुढे येतो. मग कराड-साताऱ्याचा एखादा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यालाच इस्लाम समजतो, आणि त्याच क्लिपा पाहून त्याचा हिंदू वर्गमित्रही त्यालाच इस्लाम समजतो.

आपल्या परंपरेने यावर फार पूर्वी उपाय शोधला होता. त्याचं नाव सनद. तू हे कुणाकडून शिकलास, त्याने कुणाकडून, ही साखळी सांगितल्याशिवाय हदीस स्वीकारली जात नव्हती. सांगणाऱ्याची स्मरणशक्ती, प्रामाणिकपणा, तो कुणाला प्रत्यक्ष भेटला होता का, हे तपासणारं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. आमच्याकडे कुणाचाही कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. दीनच्या बाबतीत आपण ती शिस्त सोडली आणि 'फॉरवर्ड' धरलं.

धर्मशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे काय, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधल्या मुल्ला निझामुद्दीन यांच्या नावाने ओळखला जाणारा 'दर्से निझामी' हा अभ्यासक्रम भारतीय मदरशांचा पाया आहे. अरबी व्याकरण, तफसीर, हदीस, फिकह, उसूले फिकह म्हणजे कायदा काढण्याची तत्त्वं. आणि त्याच बरोबर मंतिक म्हणजे तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित आणि खगोलशास्त्रही त्यात होतं. पुढे यातलं बरंच गळालं, हा वेगळा दुःखाचा विषय. पण मूळ कल्पना अशी होती की निकाल देणाऱ्या माणसाला आधी विचार करता आला पाहिजे.

शिकलेल्या माणसाची एक खूण मला त्या मुफ्तींमध्ये दिसली. माझ्या दुसऱ्या एका प्रश्नावर, म्युच्युअल फंडाबद्दल, ते म्हणाले, "हे मला नीट माहीत नाही, पाहून सांगतो." व्हिडिओवाल्या एकाही वक्त्याच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नाही.

सुरूर फाटा

रविवारी परत निघालो. वाटेत कराड लागतं. तिथून पुसेसावळी फार लांब नाही. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री खटाव तालुक्यातल्या त्या गावात समाजमाध्यमावरच्या मजकुराचं निमित्त करून जमाव चालून आला, मशिदीवर हल्ला झाला, आपल्यातल्या एका तरुणाचा जीव गेला. आलिम असता तर हे टळलं असतं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी मारलं, दोष त्यांचाच. पण अशा रात्रीनंतरच्या सकाळी गावात काय होतं याचा विचार करा. आपली तरुण मुलं रागाने पेटलेली असतात. शेजारी भेदरलेले असतात, संशयाने पाहत असतात. त्या वेळी आपल्या मुलांना दीनच्या आधाराने थोपवणारा आणि शेजाऱ्यांशी, पोलिसांशी, पत्रकारांशी स्वच्छ मराठीत बोलणारा माणूस लागतो. दोन्ही एकाच माणसात असणं आपल्याकडे दुर्मीळ आहे.

सातारा मागे पडलं आणि सुरूर फाटा आला. इथून वाईला वळायचं. मी वळलो नाही, पण खंबाटकी चढेपर्यंत वाईचाच विचार करत होतो.

वाईची प्राज्ञ पाठशाळा तुम्हाला माहीत असेल. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, तिथे वेदान्त-मीमांसा शिकवत. त्यांच्याकडे लक्ष्मणशास्त्री जोशी नावाचा धुळ्याकडचा मुलगा शिकला. १९२३ मध्ये कलकत्त्याहून त्याने 'तर्कतीर्थ' ही पदवी मिळवली. ही शास्त्राभ्यासाच्या परंपरेतली पदवी होती, नोकरीची नव्हे. पण तिचा उपयोग काय झाला पाहा. १९३२-३३ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून अस्पृश्यतेविरुद्ध लढत होते. सनातनी पंडित शास्त्रांचे दाखले देत होते. तेव्हा तर्कतीर्थांनी त्याच शास्त्रांच्या आधाराने त्यांना उत्तर दिलं. १९३३ मध्ये पुण्यात देवदास गांधी आणि राजाजींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह झाला, त्याचं पौरोहित्यही त्यांनीच केलं. पुढे त्यांनी आपल्याच धर्माची कठोर समीक्षा लिहिली. 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथाला १९५५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं आणि १९९४ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ते त्याचे प्रमुख संपादक होते.

अस्पृश्यतेविरुद्ध बोलणारे त्या काळी पुष्कळ होते, आणि ज्यांनी ती सोसली त्यांचा लढा सगळ्यांत मोठा होता. पण सनातन्यांना 'तुम्हाला शास्त्र काय कळतं?' हा प्रश्न तर्कतीर्थांना विचारता येत नव्हता. पदवीने त्यांना ती जागा दिली.

याच पाठशाळेत १९१७ मध्ये विनोबा भावेही शिकायला राहिले होते. पुढे ते अरबी शिकले, कुरआन मुळातून वाचला आणि १९६२ मध्ये 'कुराण-सार' काढलं. एक ब्राह्मण माणूस कुरआन समजून घ्यायला अरबी शिकतो, आणि आपण म्हणतो, एवढी वर्षं कशाला घालवायची.

आपल्या इतिहासातही अशी माणसं आहेत. जतच्या पलीकडे विजापूर. तिथल्या सूफींनी, शाह मीरांजी आणि बुऱ्हानुद्दीन जानम यांनी, तसव्वुफची अवघड मांडणी फारसीत न ठेवता लोकांच्या दखनीत केली. जात्यावर दळताना बायकांनी म्हणावीत अशी दीनची गाणी दखनीत तयार झाली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. लोकांच्या भाषेत दीन सांगणं ही नवी मागणी नाही, मध्येच तुटलेली परंपरा आहे. आज सातारा-सांगलीतली आपली बहुतेक मुलं रयतच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकतात. जुम्याचं बयान उर्दूत असतं, खुत्बा अरबीत. मी स्वतः कितीतरी वर्षं अर्धं समजून आणि अर्धं अंदाजाने घरी आलो आहे. फराइजवर मराठीत एखादं सोपं पुस्तक मी शोधलं, मला सापडलं नाही. ते कुणी लिहायचं? ज्याला अरबीही येते आणि मराठीही, त्यानेच.

इंजिनीअर आणि आलिम

मामू म्हणत होते, इंजिनीअर किंवा आलिम, एकच. त्यांना मी असगर अली इंजिनीअर यांचं उदाहरण दिलं. वडील बोहरा समाजातले धर्मपंडित, त्यांच्याकडेच अरबी, तफसीर, हदीस, फिकह शिकले. मग उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातून सिव्हिल इंजिनीअरिंग. मुंबई महापालिकेत अनेक वर्षं नोकरी. आणि मग धर्मगुरूंच्या मनमानीविरुद्ध सुधारणेची चळवळ, दंगलींचा अभ्यास, इस्लाममधल्या स्त्रियांच्या हक्कांवर पुस्तकं. १९८० मध्ये त्यांनी मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज सुरू केली. २००४ मध्ये स्वामी अग्निवेश यांच्यासह 'राइट लाइव्हलीहुड' सन्मान मिळाला. त्यांच्यावर हल्ले झाले, बहिष्कार झाला, पण 'याला दीन माहीत नाही' असं म्हणून त्यांना उडवून लावणं कुणाला जमलं नाही. इंजिनीअरची डिग्री त्यांच्या आडनावात राहिली, काम मात्र वडिलांकडून शिकलेल्या विद्येने केलं.

हीच गोष्ट न्यायालयातही दिसली. २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तीन तलाक तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने रद्द केला. त्या बहुमतातल्या न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी आपला निकाल कुरआनमधल्या तलाकच्या पद्धतीवर उभा केला: समेटाचे प्रयत्न, मध्यस्थ, मुदत. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात प्रश्न धर्मशास्त्राचा झाला. हेच आपल्या गावागावांत आधीच कुणी ठामपणे सांगितलं असतं, तर किती बायका रस्त्यावर येण्यापासून वाचल्या असत्या?

म्हणूनच हा विषय फक्त मुलांचा नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत आल्या आणि मोठमोठे सहाबी त्यांना मसले विचारायला येत. मालेगावच्या जामियातुस्सालिहातसारख्या संस्थांतून मुली आलिमा होतात. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत स्त्रियांना काझी होण्याचं प्रशिक्षण दिलं. माझ्या बहिणींना स्वतःच्या हिश्शाबद्दल एखाद्या आलिमा बाईकडे जाता आलं असतं, तर त्या चाळिसाव्यापर्यंत गप्प राहिल्या नसत्या.

कागदाची किंमत

आता माझा दुसरा मुद्दा, सरकारी मान्यतेचा. तो खरा आहे आणि लपवण्यात अर्थ नाही.

५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर निकाल दिला. कायदा वैध ठरवला, मदरसे चालवण्याचा हक्क मान्य केला. पण 'कामिल' आणि 'फाजिल' या पदवी आणि पदव्युत्तर दर्जाच्या सनदा मदरसा बोर्डाला देता येणार नाहीत, असंही सांगितलं. कारण १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांचा. महाराष्ट्रात तर असं मदरसा बोर्डच नाही. त्यामुळे नुसती मदरशाची सनद घेऊन कुणी एम.पी.एस.सी.च्या रांगेत उभा राहिला तर त्याला परत पाठवलं जाईल.

पण मार्ग आहेत, आणि ते आधी माहीत असले पाहिजेत. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात धर्मशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा आहे, तिथे सुन्नी आणि शिया असे दोन्ही विभाग आहेत आणि पीएच.डी.पर्यंत शिकता येतं. दिल्लीच्या जामिया मिल्लियात आणि हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात इस्लामिक स्टडीजचे विभाग आहेत. मदरशातून आलेल्यांना मुख्य प्रवाहात आणण्यासाठी अलीगढने ब्रिज कोर्स चालवला आहे. काही मदरशांच्या सनदा ही विद्यापीठं प्रवेशासाठी मान्य करतात, काहींच्या करत नाहीत; प्रवेश घेण्याआधी ही यादी पाहणं हे पालकांचं काम आहे. ज्यांची दहावी-बारावी राहिली आहे त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देता येते. आणि आपल्याच देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ नाशिकला आहे, तिथून आलिमचा अभ्यास चालू असताना बी.ए. होतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या एका संस्थेने तर मदरशासोबत इंजिनीअरिंग आणि मेडिकल कॉलेजही काढली.

म्हणून माझं म्हणणं असं: सनद आणि पदवी दोन्ही घ्या. सनद गुरूसमोर बसून मिळते, ती खोली देते. विद्यापीठाची पदवी दुसऱ्या मतांशी, इतिहासाशी, इतर धर्मांशी, संविधानाशी गाठ घालून देते. एकीशिवाय दुसरी अपुरी.

आणि पोटाचं काय? मामूंचा हा प्रश्न सगळ्यात कठीण होता. गावच्या मशिदीत घरटी वर्गणी काढून इमामसाहेबांना जे देतात, त्यात मी पुण्यात दुचाकी उभी करायची जागाही भाड्याने घेऊ शकत नाही, असं म्हटलं तर अतिशयोक्ती थोडीच होईल. ज्याच्यामागे आपण नमाज पढतो त्याच्या मुलाची शाळेची फी थकलेली असते, आणि मग तोच माणूस बुजुर्गांचा चेहरा पाहून फतवा देतो म्हणून आपण चिडतो. माझ्या गल्लीतल्या मौलवीसाहेबांवर मी फार दिवस चिडलेलो होतो. आता वाटतं, ज्यांच्या वर्गणीवर त्यांचं घर चालतं त्यांच्यासमोर ते दुसरं काय बोलणार होते? स्वतंत्र मताचा आलिम हवा असेल तर त्याचं पोट स्वतंत्र असलं पाहिजे. दुसऱ्या पदवीचा एक उपयोग हाही आहे. बी.एड. करून शिकवणारा, अनुवाद करणारा, वकिली करणारा आलिम खरं बोलू शकतो.

काही मित्र म्हणतात, इस्लाममध्ये पुरोहित नाही, मग हे शिक्षण हवंच कशाला? माझ्या मते पुरोहित नाही म्हणूनच ते अधिक घरांत हवं. ज्ञान चार माणसांकडे उरलं की तेच पुरोहित होतात, नाव काहीही द्या. आणि शिकलेले सगळे चांगले निघतात असंही नाही. सनद भिंतीवर लावून दुसऱ्यांना तुच्छ लेखणारेही पाहिले आहेत. पण वाईट डॉक्टर असतात म्हणून आपण मेडिकल कॉलेजं बंद करत नाही.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण ३-४ टक्केच मदरशात जातात. म्हणजे बाकीचे सगळे तुमच्या-माझ्यासारखे. आपण सगळ्यांनी आलिम व्हायचं नाही. पण जे होऊ पाहतात ते आपल्यातले उरलेसुरले नसावेत, निवडलेले असावेत. आणि त्यांच्या शिक्षणाचा खर्च उरलेल्या ९६ टक्क्यांनी उचलावा. पाच मित्रांनी दरमहा हजार-हजार काढले तर एका मुलाचं किंवा मुलीचं वर्ष निघतं. आपल्या मशिदीच्या कमिटीला सांगा, जुम्याच्या बयानानंतर पाच मिनिटं मराठीत सार सांगू द्या. घरात वाटणी असेल तर सह्यांच्या आधी हिशोब मागा, आणि तो बहिणीच्या हातात द्या. एखादी क्लिप पुढे पाठवण्याआधी विचारा, हा माणूस कुठे शिकला?

मामेभाऊ गेल्या वर्षभरापासून आलिमच्या अभ्यासाला आहे, सोबत मुक्त विद्यापीठाचं बी.ए. सुरू आहे. मामूंनी परवानगी दिली ती माझ्या भाषणामुळे नाही. मी त्यांना तो पाठकोरा कागद दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग मुमानींना हाक मारली आणि विचारलं, "तुझ्या भावाने तुला काय दिलं होतं?" मुमानी काहीच बोलल्या नाहीत.

ईदच्या सुट्टीत पोरगा आला तेव्हा मामूंनी त्याला समोर बसवलं आणि आमच्या आजोबांच्या, म्हणजे त्याच्या दादांच्या, जमिनीचे जुने उतारे काढून दिले. त्यात माझ्या अम्मीचं नाव नाही. म्हणाले, "हिशोब लगा."

तो अजून शिकतोय. म्हणाला, "अब्बा, शेतजमिनीचा कायदा वेगळा आहे, मला अजून नीट माहीत नाही. उस्तादांना आणि वकिलाला विचारून सांगतो."